फर्स्ट पीस ओके

आप्पांनी आयुष्यात दोनच शब्दांवर नोकरी केली: ओके आणि रिजेक्ट. गिअर आणि बुश बनवणाऱ्या कंपनीत ते फायनल इन्स्पेक्शनला होते, आधी भोसरीला आणि प्लांट हलल्यावर चाकणला, मिळून एकतीस वर्षं. समोर नग आला की मायक्रोमीटर लावायचा, डायल बघायची आणि निकाल द्यायचा. ओकेला हिरवा टॅग, रिजेक्टला लाल रंगाचा फराटा. मधला शब्द त्यांच्या खात्यात नव्हता आणि घरी आल्यावरही नसे. भाजी बरी झाली तर आप्पा गप्प जेवत. मीठ कमी पडलं तरच बोलत. यशोदाबाईंनी संसाराच्या पहिल्या दोन वर्षांतच याचा अर्थ लावून घेतला होता, की नवरा गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे. बायकोला असा अर्थ लावता येतो. एकुलत्या एका पोराला, सुजितला, तो कधीच लावता आला नाही.

सुजित नऊ वर्षांचा असताना त्याने चाळीपुढे दिवाळीचा किल्ला केला होता. चार दिवस माती कालवली, हळीव पेरले, बुरूज उभे केले आणि फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला दारात उभा राहिला. आप्पा आले, डबा हातात तसाच धरून उकिडवे बसले, किल्ला सगळ्या बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "पायऱ्या सारख्या न्हाईत." मग आत जाऊन हातपाय धुतले. त्यांच्या मनात पोराचा किल्ला सगळ्या चाळीत उजवा होता. पण मनातलं पोराला कसं दिसणार? पोराला पायऱ्या दिसल्या. रात्री त्याने त्या मोडून पुन्हा केल्या, आणि सकाळी आप्पांनी बघितल्यासुद्धा नाहीत.

आप्पा खडूस होते असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांना जे दिसे ते सांगितल्याशिवाय राहवत नसे, इतकंच. उद्धवराव त्यांच्याच गावचे, धाराशिवकडच्या भूम तालुक्यातले. दोघे एकाच एसटीने पिंपरीला उतरले, एकाच खोलीत राहिले. सुजित लहानपणी उद्धवकाकांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे. एकदा उद्धवरावांच्या मशीनवरचा बुशचा, म्हणजे आसावर बसणाऱ्या कड्यांचा, अख्खा लॉट आप्पांपुढे आला. भोक केसभर मोठं निघालं होतं. "ज्योत्या, एवढ्यानं काय व्हतंय? माझं परमनंटचं पत्र यायचंय, सोड की," उद्धवराव आप्पांना म्हणाले. आप्पांनी लाल फराटा ओढला. उद्धवराव परमनंट झाले नाहीत, वर्षभरात बाडबिस्तरा घेऊन गावी गेले आणि पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा या घरात आली नाही. आप्पांना त्याचं दुःख झालं. पस्तावा झाला नाही, कारण ते बुश ट्रकच्या ब्रेकमध्ये बसणार होते.

अशा बापाच्या पोराने कंपनीत यावं म्हणून आप्पांनी साहेबांशी बोलून ठेवलं होतं. पोरगा दातांच्या कारागिरीचा डिप्लोमा करायला गेला. डॉक्टर तोंडात काम करतो, आणि बसवायचे दात मागे कुठल्या तरी लॅबमध्ये दुसराच कुणी घडवतो, हे आप्पांना तेव्हा कळलं. सुजितने दुसऱ्याच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढली आणि मग थेरगावात, डांगे चौकाजवळ मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन स्वतःची लॅब काढली. पूजेच्या दिवशी आप्पा नवीन टोपी घालून आले, तीर्थप्रसाद घेतला, भिंतीवरच्या फळीकडे बघितलं आणि म्हणाले, "डावीकडं उतरलीय." सुजित हसला. यशोदाबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की आप्पांनी दुसरा पेढा मागितला नाही.

पण रिटायर झालेल्या आप्पांच्या तोंडात एक जागा रिकामी होती. खालची डावी दाढ सहा वर्षांपूर्वी काढली होती आणि तेव्हापासून ते उजवीकडूनच चावत. एका रविवारी सुजित त्यांच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल घेऊन घरी आला आणि त्यांच्या चिखलीतल्या घरात, पंख्याखाली, बापलेकांत आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं झालं.

"हे बघा आप्पा. ही दाढ गेलेली. तिच्या पुढचा दात आणि मागची दाढ, हे आपले दोन खांब. डॉक्टर ते चारही बाजूंनी घासून बारीक करणार. त्यांच्यावर दोन कॅप बसणार. आणि मध्ये ही खोटी दाढ. हिला आम्ही पाँटिक म्हणतो. हिला मूळ नसतं, हिरडीला नुसती टेकलेली असते."

"मंग ती धरली कशानं?"

"जोडांनी. इथं एक, इथं एक. दोन कॅप आणि मधली दाढ असं एकसंध ओतायचं, म्हणून त्याला ब्रिज म्हणायचं."

आप्पांनी चष्मा लावला. मॉडेल उजेडाकडे धरलं. "जोडाची जाडी?"

"तीन मिलिमीटर. बारीक ठेवला तर मोडतो, जाड ठेवला तर खाली ब्रश पोचत नाही."

"भार कुणावर?"

"दोन खांबांवर. तिघांचा भार दोघं घेतात."

"अन हे दोघं चांगले हायेत ना? मंग चांगला माल कापायचा कशाला?"

हा प्रश्न पेशंट फारसे विचारत नाहीत. "त्याला इलाज नाही, आप्पा. हाडात स्क्रू बसवून करता येतं, पण तुमची शुगर बघून मॅडम नको म्हणतात."

"उंचीला किती टॉलरन्स?"

"काहीच नाही. पतंगाच्या कागदापेक्षा पातळ कागद दाताखाली आला तरी माणसाला कळतो. तुमच्या मायक्रोमीटरपेक्षा दात पक्के."

आप्पांनी जीभ फिरवून आपल्या दातांची चाचपणी केली. पोराच्या बोलण्यात एक शब्द फुकट नव्हता. हे काम त्यांच्याच कामाच्या पंगतीतलं होतं, आणि हे कळायला त्यांना इतकी वर्षं लागली होती. त्यांना पोराच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्यांनी मॉडेल परत दिलं आणि म्हणाले, "बघू."

"माझ्या लॅबचा पहिला ब्रिज तुमचाच करायचा," सुजित म्हणाला. "तुम्ही फर्स्ट पीस म्हणायचात ना, तसं."

फर्स्ट पीस म्हणजे काय हे सुजित ऐकून ऐकून शिकला होता. मशीनवर नवीन सेटिंग लावलं की पहिला नग इन्स्पेक्शनला येतो. तो ओके झाला की त्याच सेटिंगवर पुढचे हजार नग निघतात, कुणी पुन्हा विचारत नाही. पहिलाच नग चुकीचा पास झाला तर मागून येणारा प्रत्येक नग चुकीचा, आणि त्यात मशीनवाल्याचा दोष नसतो. दोष पास करणाऱ्याचा. नवीन पोरांना हे शिकवताना आप्पा आवाज चढवत, आणि एरवी ते कधीच आवाज चढवत नसत.

डॉक्टर वर्षालीचं क्लिनिक लॅबपासून दोन गल्ल्यांवर होतं. तिने आप्पांचे दोन चांगले दात घासून खुंट्यांसारखे केले, माप घेतलं, तात्पुरत्या कॅप घातल्या. दहा दिवसांनी सुजित स्वतः ब्रिज घेऊन आला. छोट्या डबीत, कापसावर ठेवलेला. चांदीसारख्या धातूवर दाताच्या रंगाचं सिरॅमिक चढवलेलं, मधल्या दाढेवर खऱ्यासारख्या खाचा, एका खाचेत तपकिरी डागाची हलकी रेघसुद्धा, कारण आप्पांच्या शेजारच्या दातांवर तसे डाग होते. आप्पांनी डबी हातात घेतली आणि बराच वेळ दिली नाही. इतकं सुबक काम त्यांच्या टेबलावर एकतीस वर्षांत आलं नव्हतं.

डॉक्टरने ब्रिज बसवला, निळा कागद दातांमध्ये धरला. "चावा काका. कटकट करा. उंच लागतंय का?"

"लागतंय," आप्पा म्हणाले.

डॉक्टरने निळा ठिपका घासला. पुन्हा कागद, पुन्हा कटकट. "आता?"

"जरा."

पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी तिने ब्रिज बाहेर काढून उजेडात धरला आणि सुजितला दाखवला. "आता इथे सिरॅमिक पातळ झालंय. अजून घेतलं तर खालचा मेटल दिसेल. मग हा बाद करून नवीनच करावा लागेल. खुणा तर सगळीकडे सारख्या उमटतायत. पण आधी कुठलं टेकतंय ते कागद सांगत नाही, ते काकांनाच विचारायला लागेल." तिने ब्रिज परत बसवला. "चावा काका."

आप्पांनी दात मिटले. डावीकडे आधी टेकलं. उजवीकडचे दात भेटायच्या आत, केसभर आधी. एकतीस वर्षं त्यांच्या अंगठ्यात आणि डोळ्यांत जे बसलं होतं ते आता दातांत येऊन बोललं, आणि स्वच्छ बोललं: रिजेक्ट.

त्यांनी डोळे उघडले. सुजित खुर्चीशेजारी उभा होता. चौतीस वर्षांचा, दाढीत एक पांढरा केस आलेला, हातात ती रिकामी डबी. त्याची मान जराशी पुढे आली होती, आणि आप्पांना ती मान ओळखीची वाटली. चाळीपुढे किल्ल्याशेजारी ती अशीच पुढे आलेली होती.

"आप्पा, कसं वाटतंय?"

"ओके," आप्पा म्हणाले. टेबलावरच्या आवाजात, तसंच तोडून. "एकदम ओके."

सुजितच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला यशोदाबाई तिथे हव्या होत्या. डॉक्टरने सिमेंट लावलं. घरी जाताना सुजितने डांगे चौकात गाडी थांबवून बापाला उसाचा रस पाजला, आणि गर्दीत उभं राहून त्याने दोनदा फोनवर कुणाला तरी सांगितलं, की वडील इन्स्पेक्टर होते आणि एका शब्दात पास केलं. आप्पा रस पीत होते. आपण काय केलं हे त्यांना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्यांना वाईट वाटलं नव्हतं. एका दाढेचा प्रश्न, तीही आपली स्वतःची, कुणाचा ट्रक त्यावर चालणार नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पुढे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आप्पांनी सोसला. सकाळी उठलं की डावा जबडा जड असे. भाकरीचा पापुद्रा डावीकडे आला की कानापर्यंत कळ जाई. ते उजवीकडून चावू लागले, मग भाकरी दुधात कुस्करू लागले. यशोदाबाईंनी विचारलं तर म्हणाले, वय झालं. शेंगदाणे ताटाच्या कडेला राहू लागले. दाढ नसताना हा माणूस उजवीकडून का होईना सगळं खात होता, आणि दाढ आल्यावर बाळासारखं खायला लागला, याचा अर्थ मात्र यशोदाबाईंना लागला नाही.

पाच-सहा महिन्यांनी सुजितच्या लॅबमधून गेलेली कामं परत येऊ लागली. चिंचवडच्या एका डॉक्टरकडून एक, मग वाकडहून दोन, मग तळेगावहून. सगळ्यांचं म्हणणं एकच, ब्रिज उंच येतोय, खुर्चीवर पेशंट अर्धा तास अडकतो. सुजितने आधी नीट ऐकलं, मग त्याला राग येऊ लागला. एका दुपारी जेवताना तो ताटावरून म्हणाला, "यांना मापं धड घेता येत नाहीत आणि दोष लॅबला. माझ्या यंत्राचं सेटिंग बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून मी हात लावलेला नाही त्याला. आप्पांच्या तोंडात त्याच सेटिंगचं काम बसलंय, विचारा त्यांना."

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. आप्पांपुढे दुधात कुस्करलेली भाकरी होती. ते गप्प राहिले, आणि या घरात आप्पांचं गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. उंच फक्त त्यांचाच ब्रिज नव्हता. सेटिंगच केसभर उंच होतं. पोरगा त्या सेटिंगकडे बघतही नव्हता, कारण फर्स्ट पीस पास झाला होता. ज्याने पास केला तो समोर बसून दूध-भाकरी खात होता.

सांगायचं तर त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांनी चार महिने लावले. रोज सकाळी ठरवायचे, आणि सुजित मोजे चढवत दारात बसला की शब्द गिळायचे. सांगितलं तर तो ओके जाणार होता. पोराने तो ओके फार जपला होता. नवीन डॉक्टर भेटला की आधी तेच सांगायचा. आणि नाही सांगितलं तर लॅब जाणार होती. लाल फराटा ओढताना ज्यांचा हात कधी अडला नाही त्या आप्पांना स्वतःच्या चुकीवर फराटा ओढायला चार महिने लागले. या चार महिन्यांबद्दल त्यांना माफ करावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यांनी स्वतः केलं नाही.

डॉक्टर वर्षालीनेही काम पाठवायचं थांबवलं, हे कळलं त्या दिवशी आप्पांनी ट्रंकेतून आपलं फीलर गेज काढलं. पातळ पोलादी पट्ट्यांचा तो जुडगा, दोन भागांमधली फट मोजायचा. तो खिशात घालून ते बसने थेरगावला गेले.

दुपारची वेळ होती. लॅबमध्ये सुजित एकटाच होता. फळीवर मॉडेलं कमी झाली होती. टेबलावर आर्टिक्युलेटर होता. वरचा आणि खालचा जबडा प्लास्टरने चिकटवून उघडमीट करून बघायचं ते पितळी यंत्र, सुजितने एका बंद पडलेल्या लॅबकडून घेतलेलं. पुढच्या बाजूला एक उभी पिन असते, ती दोन जबड्यांतली उंची धरून ठेवते.

"आप्पा? तुम्ही इकडं कसे?"

"हे मला बघू दे जरा."

त्यांनी टोपी काढली, खुर्ची ओढली आणि चष्मा लावला. पिन हलवून बघितली. स्क्रू आवळला, पुन्हा बघितली. मग यंत्रावर चढवलेल्या दोन जबड्यांच्या दातांमध्ये सगळ्यात पातळ पट्टी सरकवली, मग तिच्याहून जाड, मग तिच्याहूनही जाड. तिसरी अडकली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सहा वर्षं रिटायर असलेल्या माणसाला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"पिनंची खाच झिजलीय. स्क्रू आवळला की ती खाली सरकतीय अन वरचा जबडा उचलतीय, केसभर. समदी कामं तेवढीच उंच येतेत."

सुजित खाली वाकून बघत राहिला. त्याने स्वतः स्क्रू सोडला, आवळला, पट्टी सरकवली. नंतर सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटल्याचा आनंद होता, मग त्याला काहीतरी सुचलं.

"पण मग तुमचा कसा बसला? तो याच्यावरच केलाय."

"बसला न्हाई," आप्पा म्हणाले.

रस्त्यावरून एक कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली. ती गेल्यावर आप्पांनी पुढचं सांगितलं.

"त्या दिवशीच उंच व्हता. मला कळलं व्हतं."

"मग ओके का म्हणालात?"

"तुझं तोंड बघून."

सुजितने फीलर गेजच्या पट्ट्या एकावर एक नीट मिटवल्या. बोलला तेव्हा त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "उद्धवकाकांचं तोंड तुम्ही बघितलं नव्हतं, आप्पा. मी बघितलं होतं. मी तेव्हा सहावीत होतो आणि तरीही मला वाटायचं, माझे आप्पा कुणाच्या बापाला भीत नाहीत, खोटं बोलत नाहीत. म्हणून तुम्ही माझ्या कशालाच चांगलं म्हणाला नाहीत त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. म्हटलं, ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी ते खरंच चांगलं असेल." त्याने गेज बापाच्या हातात दिलं. "एकदाच म्हणालात. तेही खोटं."

आप्पांना सांगायचं होतं, की किल्ला चांगला होता. फळी सोडली तर लॅब चांगली होती. ब्रिज केसभर उंच होता, पण तसं सुबक काम मी जन्मात बघितलं नाही. पण आता हे बोलून उपयोग काय? ज्याचा एक नग खोटा पास झालेला सापडतो त्याचे सगळे टॅग संशयात जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी टोपी घातली आणि जिना उतरले.

सुजितने नवीन आर्टिक्युलेटर आणला. पुढची कामं बिनचूक गेली. पण जी थोडीफार गेली ती बघून जुने डॉक्टर परतले नाहीत. त्यांनी दुसऱ्या लॅब धरल्या होत्या आणि त्यांचं तिथे बरं चाललं होतं. दिवाळीच्या आधी सुजितने थेरगावच्या खोल्या सोडल्या आणि वाकडच्या एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी धरली. तिथे कॉम्प्युटरवर दात आखतात आणि मशीन ते कापून देतं. सुजित शेवटचा हात फिरवतो. घरात भांडण झालं नाही. तो आप्पांच्या शुगरच्या गोळ्या आणतो, दर महिन्याला तपासणीला नेतो, चहा झाला का विचारतो. यशोदाबाईंना वाटतं पोरगा कामाने दमतो. आप्पांना ठाऊक आहे, की तो आता त्यांना काही दाखवत नाही.

उन्हाळ्यात आप्पांचा पुढचा खांब गेला. वर्ष-दीड वर्ष रोज थोडा जास्त मार खाऊन त्या दाताचं मूळ उभं तडकलं होतं. डॉक्टर वर्षालीने ब्रिज मधून कापून काढला, दात काढला आणि हिरडी भरून यायला तीन महिने दिले. आता एकाऐवजी दोन दात नव्हते. ब्रिज करायचा तर त्याच्याही पुढचा, आजवर कुणी हात न लावलेला दात घासून खांब करायचा, आणि मध्ये दोन खोटे. आप्पांनी तोंड उघडलं आणि तोही घासू दिला.

हा ब्रिज सुजितनेच केला. कुणी सांगितलं नव्हतं. वाकडच्या लॅबमध्ये ड्युटी संपल्यावर थांबून त्याने तो मशीनवर न टाकता हाताने घडवला, आणि सुट्टी काढून क्लिनिकमध्ये आला. डबी त्याने आप्पांकडे दिली नाही, सरळ डॉक्टरच्या ट्रेमध्ये ठेवली.

डॉक्टरने ब्रिज बसवला. निळा कागद धरला. "चावा काका."

आप्पांनी दात मिटले. डावी बाजू आणि उजवी बाजू एकाच क्षणी भेटली. त्यांनी पुन्हा मिटले, जबडा इकडे सरकवून, तिकडे सरकवून. कुठेच काही आधी आलं नाही, कुठेच काही मागे राहिलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात काही परकं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि खुर्चीवरचा दिवा डोळ्यांवर होता म्हणून ते कुणाला वेगळं दिसलं नाही.

"ओके," ते म्हणाले. "सुजित, ओके हाय. एका केसाचा फरक न्हाई."

सुजितने त्यांच्याकडे बघितलं नाही. तो कागदाचे निळे ठिपके बघत होता. "मॅडम, मागच्या दाढेवरचा ठिपका गडद वाटतोय."

"मला तर बरोबर वाटतंय. काकाही म्हणतायत."

"ते म्हणणारच. घ्या थोडं."

"आरं न्हाई सुजित," आप्पा म्हणाले. कापसाच्या बोळ्यांमुळे शब्द नीट फुटत नव्हते. "म्या खरं सांगतोय. बरोबर हाय."

डॉक्टरने एकदा बापाकडे बघितलं, एकदा पोराकडे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे तिला ठाऊक होतं. आप्पांचा पहिला ब्रिज तिनेच बसवला होता. कागद खुणा दाखवतो, आधी काय टेकलं ते सांगत नाही, हेही तीच एकदा बोलली होती. पण काम सुजितचं होतं. तिने मशीन लावून तो ठिपका घासला. पुन्हा कागद घातला, सुजितने अजून एका ठिपक्याकडे बोट दाखवलं, तिने तोही घासला.

"आता चावा."

उजवीकडचे दात भेटले. डावीकडे भेटायला कुणी आलं नाही. केसभर खाली गेलं होतं.

आप्पांनी हात वर केला, डॉक्टरने तोंडातला कापूस काढला. "आता खाली गेलं, सुजित," ते म्हणाले. "आधीचं बरोबर व्हतं. लई चांगलं केलं व्हतंस तू. किल्ला पण चांगला केला व्हतास."

सुजितने मान हलवली, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हलवतात तशी. आप्पांच्या ओठाच्या कडेला निळा रंग लागला होता, तो त्याने रुमालाने पुसला. मग डॉक्टरला म्हणाला, "सिमेंट लावा, मॅडम."